कोल्हापूरच्या टाऊन हॉल बागेतल्या माळीमामांना अन् चहावाल्या ताईंना थँक्यू!

रविवारी टाऊन हॉलला गेलेलो, आधी म्युझियममध्ये इथल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननातली मातीची भांडी बघितली, मग बागेत जास्वंदीचे फोटो काढत बसलो. सोबत पोरीनं बापट कॅम्पात, म्हणजे कुंभारांच्या वसाहतीत, चाकावर केलेलं कच्चं वाडगं होतं आणि धाडकन वळीव आला. न भाजलेली माती ती, पाणी लागलं की चिखलच की वो! मी कॅमेरा पोटाशी धरून उभा, पोरगी रडकुंडीला. तेवढ्यात एक माळीमामा भिजतच आले, खताच्या रिकाम्या पोत्यात वाळका पाला भरला, वाडगं त्यात अलगद बसवलं न् वरनं आपली टोपी झाकली. चहावाल्या ताई पदरानं लेन्स पुसायला निघालेल्या, त्यांना मात्र थांबवलं, पण पोरीला गरम दूध दिलं त्याचे पैसे काय घेतले नाहीत. मामा, वाडगं शाबूत आहे, आव्यात भाजायला दिलंय. टोपी आमच्याकडंच राहिलीय, घेऊन येतोय.