नाव छापून मिळतं, बिल मिळत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२०२७ चा सिंहस्थ जवळ आला तसा आमच्या सिडकोत घरटी एक कॅमेरावाला तयार व्हायला लागलाय. माझा भाचा त्यातलाच. सेकंडहँड कॅमेऱ्याची नुसती बॉडी आणि कॅमेऱ्यासोबत येते ती साधी किट लेन्स घेऊन बसला आणि मागच्या रविवारी म्हणाला मामा चला, एमजी रोडला जाऊन बाकीचं सामान घेऊन येऊ. गेलो. पहिल्या काउंटरवर ऐकलं, "कंपनीचंच घ्या, बाकी सगळा कचरा." चार दुकानं सोडून पुढे गेलो तर, "दादा सगळं सेम असतं, नुसते नावाचे पैसे घेतात." पोरगं बिचारं माझ्या तोंडाकडे बघायला लागलं, म्हणून हे पत्र.

मी फोटो काढतो ते हौसेने, पण नात्यागोत्यातली लग्नंही उरकतो. तीन वर्षांपूर्वी ओझरला मावसबहिणीच्या मुलीची हळद होती. त्यासाठी कॅमेऱ्याचं १२८ जीबीचं मेमरी कार्ड घेतलं होतं, चांगल्या नामांकित कंपनीचं, पॅकिंग एकदम टकाटक, किंमत मात्र नेहमीच्या निम्म्याला, आणि मी खूश की बघा कसं स्वस्तात मिळवलं. हळद काढली, रात्रीचं जेवण काढलं, कॅमेऱ्यावर सगळं दिसत होतं. घरी येऊन कॉम्प्युटरला लावलं तर पहिले आठशे-साडेआठशे फोटो ठीक आणि तिथून पुढे सगळं करडं. आज्जीने नवरीला हळद लावली तो फोटो अर्धाच उघडतो, वर आज्जीचा हात आणि खाली राखाडी पट्टा. आज्जी आता नाहीये.

नंतर कळलं की आत चिप ८ जीबीची असते आणि कार्डाला शिकवलेलं असतं की विचारलं तर १२८ सांग. कॅमेरा विश्वास ठेवतो आणि लिहीत जातो, जागा संपली की पुढचं हवेत जातं नाहीतर आधीच्याच फोटोंवर लिहिलं जातं. म्हणजे मी नाव बघून पैसे दिले आणि मला मिळालं ते फक्त छापलेलं नाव. दुकानात परत गेलो तर म्हणे बिल दाखवा. बिल कुठलं, बिलाशिवाय घेतलं म्हणून तर स्वस्त मिळालं होतं ना!

तेव्हापासून नवीन कार्ड आणलं की आधी एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने काठोकाठ भरून परत वाचून बघतो. वेळ लागतो, रात्री लावून झोपायचं.

आणि खऱ्या कार्डातही फसायला होतं बरं का. पुढे मोठ्या अक्षरात १७० एमबी वगैरे छापलेलं असतं ते बहुतेक वेळा वाचायचा स्पीड असतो, लिहायचा नाही. लिहायचं बघायचं तर व्ही ३० हा शिक्का शोधा, म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी सलग लिहिणार. आपले लग्नवाले जो फोर-के व्हिडिओ काढतात तो सेकंदाला साधारण १०० मेगाबिटचा, आठ बिटांचा एक बाइट म्हणून आठने भागा, साडेबारा एमबी झाले. मग दुकानदार व्ही ९० चं महाग कार्ड का गळ्यात मारतो? त्या कार्डाला मागे पिनांची एक जास्तीची ओळ असते, भाच्याच्या कॅमेऱ्याला तर तसा स्लॉटच नाहीये, तिथे ते कार्ड साध्यासारखंच चालणार.

बॅटरीचंही तेच. माझ्या कॅनॉनच्या कंपनीच्या बॅटरीवर १८६५ एमएएच (म्हणजे किती चार्ज मावतो तो आकडा) लिहिलंय आणि डुप्लिकेटवर, अगदी त्याच मापाच्या डब्यात, २६००! डबा तेवढाच तर जास्तीचा माल भरला कुठे? एकदा डिसेंबरात पहाटे नांदूरमध्यमेश्वरला गेलो होतो, निफाडची थंडी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, दोन काड्या दाखवणारी ती बॅटरी पक्षी उठायच्या आतच बंद. पण म्हणून बिगरकंपनीच्या सगळ्याच बॅटऱ्या टाकाऊ असंही नाही, दुसरी एक साधी घेतलेली चार वर्षं चालतेय, तिच्यावरचा आकडाही साधाच होता. फुगायला लागलेली मात्र लगेच बाजूला काढा, कॅमेऱ्यात अडकली की चिमट्यानेही निघत नाही.

आता जिथे मी स्वतः स्वस्तातलंच घेतो ते सांगतो. ट्रायपॉडचा स्क्रू जवळपास सगळ्या कॅमेऱ्यांना तोच, पाव इंची. मग नावासाठी तिप्पट पैसे कशाला? जड अॅल्युमिनियमचा घ्या, गंगापूर धरणावर वारा सुटला की मधल्या दांडीला बॅग लटकवा, हलत नाही. पट्टा, लेन्सच्या तोंडावर बसतं ते हूड, कॅप, सगळं साधं चालतं. फ्लॅश गोडॉक्स नावाच्या दुसऱ्या कंपनीचा वापरतो, कॅमेरा कंपनीच्या फ्लॅशपेक्षा बराच स्वस्त पडला आणि आजवर एकाही नवरीने तक्रार केलेली नाही.

यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची ती काच, तर घेऊच नका असं माझं मत, पटलं तर बघा. डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरपुढे यूव्ही किरण अडवणारी काच आधीच असते, वरची फक्त राखणीला. रामकुंडावर आरतीच्या वेळी भाच्याने शंभर-दीडशे रुपयांचा फिल्टर लावून फोटो काढले, प्रत्येक दिव्याचं हिरवं भूत दुसऱ्या कोपऱ्यात! फिल्टर काढला, भुतं गेली. राखण करायची तर हूड लावा, आपटलं तर तेच आधी मार खातं.

भाच्याला शेवटी कार्ड अधिकृत डीलरकडून घेऊन दिलं, ट्रायपॉड आणि हूड त्या "सगळं सेम"वाल्याकडून. डीलरने कार्डाचं बिल लगेच दिलं, मॉडेल नंबरासकट. दुसऱ्याकडे मागितलं तर म्हणाला, "बिल हवं तर जीएसटी वेगळा पडेल." आमच्या हातात सामान होतंच, तिथेच उभे राहिलो, पाच मिनिटांनी त्याच भावात बिल फाडून दिलं. तुमच्या पेपरात या बिनबिलाच्या धंद्यावर एखादी बातमी करा अशी विनंती आहे, आणि सिंहस्थाची गर्दी सुरू व्हायच्या आत केली तर फार बरं होईल.

आपला,
एक हौशी फोटोग्राफर, सिडको, नाशिक