कवितेची परीक्षा कानानेही घ्या

महोदय,

माझी नात दहावीला आहे. भुजंगप्रयात वृत्त (लघु-गुरू अक्षरांचा ठरलेला क्रम) विचारा, ‘य य य य, अक्षरे बारा’ हे त्याचे गण आणि अक्षरसंख्या ती झोपेतही सांगेल. परवा तिला त्याच वृत्तातल्या मनाच्या श्लोकांतली एक ओळ टाळीवर म्हणायला लावली, तर म्हणते, “आजोबा, हेच का ते वृत्त?” लघु-गुरूच्या खुणा करून वही भरलेली, पण चाल कानावर पडलेलीच नाही! रसग्रहणाचेही तेच. गाईडमधली आशयसौंदर्य, काव्यसौंदर्याची ठरीव वाक्ये कुठल्याही कवितेला चिकटतात. पाठ्यपुस्तकाबाहेरच्या चार ओळी देऊन मुलांना काय जाणवले ते विचारा. आणि तोंडी परीक्षेत एक तरी कविता चालीवर म्हणवून घ्या. त्याला पाच गुण ठेवले तरी पुरे.

– एक आजोबा, सातारा