डोक्यावर सूर्य आणि अंगात रेनकोट

तासगाव, ५ ऑगस्ट

प्रिय पश्या,

तुझा मेसेज वाचला, सूर्य जूनमध्ये सगळ्यात वर असतो तर आपल्याकडं मेमध्येच का भाजतंय. फोनवर सांगत बसलो तर तू मधेच बायपासचा विषय काढणार, म्हणून लिहूनच काढतो, निवांत वाच.

कसंय, आपण साधारण १७ अंश अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या बरंच खाली. त्यामुळं सूर्य आपल्या बरोब्बर डोक्यावरनं वर्षातनं दोनदा जातो, मेच्या ७-८ तारखेला वर जाताना आणि ऑगस्टच्या ४-५ ला परत खाली येताना, शून्य सावली दिवस म्हणतात तो. म्हणजे आज दुपारी साडेबारा-पावणेएकला तो पार माथ्यावर होता, मेमध्ये होता तसाच, दिवसही जवळजवळ तेवढाच मोठा, आणि मी रेनकोट घालून बागेत चिखल तुडवत होतो! मेमध्ये त्याच वेळेला चप्पल काढून पाय टेकवायची सोय नव्हती.

तर सूर्य देतो तेवढंच, आपलं रान त्याचं काय करतं त्यावर सगळा खेळ. वातावरणाच्या वर, उन्हाकडं तोंड केलेल्या दर चौरस मीटरला १३६१ वॅट येतात, त्यात वर्षाकाठी फार फरक नाही. पण पृथ्वी त्यातलं तीसेक टक्के ढगांवरनं, बर्फावरनं, वाळूवरनं तसंच परत पाठवते. आत्ता आपल्यावर जे काळं आभाळ बसलंय ते वरनं बघितलं तर पांढरंफेक दिसतं, बरंचसं ऊन तिथनंच माघारी जातंय. उरलेलं खाली येतं ते ओल्या रानात नि उसाच्या पानांत पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडतं, आणि ही वाफ लय खादाड बघ, एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जी ऊर्जा लागते तेवढ्यात सात लिटर गार पाणी उकळीला येतं. एवढं सगळं गिळूनही हवा तापत नाही. मेमध्ये नांगरट करून टाकलेलं काळं रान, ओल नाही, ढग नाही, मग सगळं ऊन थेट माती आणि हवा तापवण्यात जातं. एखादा वळीव झाला की दोन दिवस बरं वाटतं ते ह्याच्यामुळंच. (तोच वळीव आधी मार्च-एप्रिलमध्ये आला तर शेडवरच्या बेदाण्याची काय वाट लागते ते तुला सांगायला नको.)

तिकडं अरबी समुद्रावर हेच ऊन वाफ उचलतं, तापलेल्या जमिनीकडं वारं ओढलं जातं, सह्याद्रीला अडून वर चढतं, गार होतं, आणि महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिमीच्या वर ओततं. घाट उतरून वारं आटपाडी-जतकडं येईपर्यंत कोरडं, तिथं ५०० च्या आसपास पडला तरी लोक खूश. कोयनेची वीज काय नि चाळकेवाडीच्या पवनचक्क्या काय, मूळ सूर्यच.

आणि सूर्य जवळ आला म्हणून उन्हाळा, असं कुणी म्हणलं तर त्याला जानेवारी दाखव. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, १४ कोटी ७० लाख किमी, जुलैमध्ये १५ कोटी २० लाख. तरी महाबळेश्वरच्या वेण्णा लेकला दव गोठतं ते थंडीतच, कारण ऊन तिरपं, रात्र मोठी, आणि कोरड्या निरभ्र आभाळातनं जमिनीची उष्णता सरळ वर निघून जाते.

ती उष्णता अडवायचं काम वाफ आणि कार्बन डायऑक्साइड करतात. ते नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान आत्ताच्या १५ ऐवजी उणे १८ असतं, म्हणजे ते वाईट नाहीत, जास्त झालेत एवढंच. कारखानदारीच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड २८० भाग होता, आता ४२० च्या वर. पारावर काही जण सूर्यच तापायला लागलाय म्हणतात, पण १९७८ पासून उपग्रह त्याला मोजतायत, ११ वर्षांच्या चक्रात ०.१ टक्का वरखाली सोडलं तर वाढ काही नाही.

तुझ्या टेरेसवर सोलर बसवलंय ना? त्याचे मेचे आणि ऑगस्टचे युनिट पाठव. ऑगस्टला कमी असणार हे नक्की, पण मेमध्येही तापलेलं पॅनल जरा कमीच देतं, म्हणून फेब्रुवारी-मार्चचेही पाठव, बघू कोण जिंकतंय. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या