तिथी, ओहोटी आणि नोंदवही

ती. आई-बाबांस सा. न.

किनाऱ्यावरच्या नोंदींची वही कशी ठेवायची ते फोनवर नीट सांगता येत नाही. वाऱ्यात आवाज तुटतो आणि बाबा मध्येच कुरव पक्ष्यांवर घसरतात. म्हणून सगळं एकदा लिहूनच पाठवते.

सुरुवात पंचांगापासून. तिथीला तीनने गुणा, चारने भागा, की भरतीची वेळ आली. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दोन्ही पक्षांना हाच हिशेब. ओहोटी त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचाच. असगोलीकडचे खडक बघायचे असतील तर पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची प्रतिपदा ते तृतीया गाठा. उधाणाचे दिवस असल्याने पाणी लांब आत जातं, आणि ओहोटी सकाळी सात ते साडेआठच्या सुमाराला पडते. तासभर आधी पोचा, पाणी वळलं की निघा. अष्टमीच्या आसपास भांग असते, म्हणजे पाणी फार चढत-उतरत नाही, खडक पुरते उघडे पडत नाहीत. तेव्हा वाळूवरचे पक्षी मोजा.

पक्षी मात्र सकाळीच. आपला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सकाळचं ऊन पाठीमागून येतं आणि कुरवांच्या चोचींचे, पायांचे रंग स्वच्छ दिसतात. संध्याकाळी ऊन डोळ्यांवर येतं, सगळेच पक्षी काळे दिसतात आणि वहीत अंदाज उतरतो. थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी मोजून तेवढा पुंजका डोळ्यांत बसवा, मग असे पुंजके किती ते मोजा. कुत्र्याने थवा उठवला की तो पुढे जाऊन बसतो आणि पुढे गेल्यावर आपण तोच परत मोजतो. आकडे फुगतात ते असे. उठलेला थवा कुठे बसला ते बघून ठेवा.

बगळ्यांत एक फसगत ठरलेली. समुद्रबगळा नेहमी राखाडीच असतो असं नाही; पांढराही असतो आणि थेट लहान बगळ्यासारखा दिसतो. लहान बगळ्याची चोच काळी, सडपातळ. समुद्रबगळ्याची जाड, जराशी बाकदार, पिवळट-तपकिरी. चोच दिसली नाही तर ‘पांढरा बगळा, १’ एवढंच लिहा. बाबा, नाव दिलंच पाहिजे असं कुणी म्हटलेलं नाही.

वहीत पेन्सिलने लिहा, दमट हवेत शाई फुटते. तारीख, निघाल्याची आणि थांबल्याची वेळ, कुठून कुठवर, पाणी चढतं की उतरतं, वारा, बघणारे किती. मग पक्षी आणि आकडे. ‘पुष्कळ’ हा आकडा नव्हे. रोज तोच टप्पा चाला, दीड किलोमीटर पुरे. आणि काही दिसलं नाही तरी पान रिकामं सोडू नका, ‘कुरव ०’ असं लिहा. शून्य लिहिलं नाही तर वर्षभराने कळत नाही की त्या दिवशी कुरव आले नव्हते की तुम्हीच गेला नव्हता. आई, तुझे परसातले पक्षी वेगळ्या पानावर: एका जागी बसून पंधरा मिनिटं. चालत केलेली मोजणी आणि बसून केलेली मोजणी एकत्र केली की दोन्ही वाया जातात.

नोव्हेंबर ते मार्च कासवांच्या वाटांकडे लक्ष असू द्या. ऑलिव्ह रिडलेच्या वाटेत डाव्या-उजव्या पायांचे ठसे समोरासमोर नसतात, एकाआड एक पडतात. येतानाची एक वाट, जातानाची एक, मध्ये उसकटलेली वाळू. वाटेवरून चालू नका. शेजारी चप्पल ठेवून फोटो काढा आणि कासवमित्रांना कळवा. काठी खुपसून अंडी शोधायला कुणी निघालं तर थांबवा, घरटं जेमतेम दीड फूट खोल असतं. मादी दिसलीच तर लांब उभे राहा, बॅटरी मारू नका. अंडी घालून ती परत निघाली की पुढच्या पायाला धातूचा बिल्ला आहे का ते बघा, आणि असला तर क्रमांक दोनदा वाचून लिहा. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर बिल्ला लावलेली मादी २०२५ च्या जानेवारीत आपल्या गुहागरला अंडी घालून गेली. पूर्वेची कासवं इथवर येतात हे कळलं ते बिल्ल्यावरचा आकडा कुणीतरी नीट वाचला म्हणून.

मेलेलं कासव आढळलं तर पाठीच्या मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंची खवलं मोजा. एका बाजूला चारच असली तर हिरवं कासव किंवा हॉक्सबिल, सहा किंवा जास्त असली तर बहुधा रिडले. जिवंत पण निपचित असेल तर ते पाण्यात ढकलायचं नाही, बुडून मरतं. सावली करा, ओलं फडकं पाठीवर टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा आणि वनविभागाला १९२६ वर फोन करा.

खडकांत उचललेला दगड होता तसाच, त्याच बाजूवर परत ठेवा. उलटा राहिला तर खालच्या बाजूला चिकटलेलं सगळं उन्हात वाळतं. शंखाचे दोन फोटो, पाठीचा आणि तोंडाचा, शेजारी नाणं. जिवंत शंकूच्या आकाराचा शंख हातात घेऊ नका, त्याचा दंश विषारी असतो. पावसाळ्यात वाळूवर निळे फुगे येतात, ते मेलेले दिसले तरी डसतात.

फोटो व्हॉट्सॲपवर नुसते पाठवू नका, त्यातली तारीख आणि जागा पुसली जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

दुर्बीण कुरियरने येईल, आठ बाय बेचाळीसची. चष्मा लावून बघणार असाल तर डोळ्यांकडचे रबरी कप खाली बसवा, नाहीतर कडेने सगळं काळं होतं आणि मध्ये छोटासा गोल तेवढा दिसतो. आधी उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्याचं साफ करा, मग डावा मिटून उजव्या भिंगाजवळच्या कड्याने उजव्याचं. त्या कड्यावर पेन्सिलने खूण करून ठेवा. तुमची दोघांची खूण वेगळी येईल.

तुमची,
चिमी