मसुराच्या ग्रीक सॅलडसाठी ताईंना मनापासून थँक्यू

प्रिय ताई,

फोनवर थँक्यू म्हटलं होतं, पण तेवढ्याने माझं समाधान होत नाहीये म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. बाबांसाठी रात्रीचं काहीतरी हलकं पण पोट भरेल असं हवं होतं आणि तुम्ही नुसती रेसिपी पाठवून मोकळ्या झाला नाहीत, प्रत्येक गोष्ट का करायची ते पण समजावून सांगितलंत, त्याचं मला फार मोल आहे.

सगळ्यात आधी मसूर. अख्खाच घ्यायचा, सालासकट, कारण सोललेली केशरी डाळ शिजली की तिचा लगदा होतो आणि सॅलडला दाणा सुटा लागतो. भिजवायची गरज नाही, कुकर पण नको, उघड्या पातेल्यात भरपूर पाणी आणि एक तमालपत्र घालून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं, आणि पंधराव्या मिनिटापासून एकेक दाणा चावून बघायचा, आतून मऊ झाला पण साल धरून आहे अशा वेळी लगेच चाळणीत ओतायचा. हे चावून बघायचं तुम्ही सांगितलंत ते किती बरं झालं, कारण मसूर जुना असेल तर वेळ जास्त लागतो, घड्याळावर भरवसा ठेवून चालत नाही.

आणि मग ते ड्रेसिंग! मसूर गरम असतानाच ऑलिव्ह ऑइल, लिंबाचा रस, ठेचलेला लसूण आणि वाळलेला ओरेगॅनो घालायचा, कारण गरम दाणा चव आत ओढून घेतो आणि गार झाल्यावर ती नुसती वरवर राहते. माझ्या मते अख्ख्या सॅलडचा जीव या एका गोष्टीत आहे. ग्रीसमध्ये मसुराचं सूप करतात, फाकेस, त्यावर पण वाढताना व्हिनेगर घालतात हे तुमच्याकडूनच कळलं, म्हणजे मसूर आणि आंबट ही जोडी तिथली जुनीच. शिवाय लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे मसुरातलं लोह अंगी जास्त लागतं, हे ऐकून तर बाबा स्वतःच वरून लिंबू पिळून घेतात.

बाकीचं सोपं आहे, काकडी, टोमॅटो, पार्सली, थोडा पुदिना, कालामाता जातीचे काळे ग्रीक ऑलिव्ह. कांदा पातळ चिरून दहा मिनिटं गार पाण्यात ठेवला की त्याचा उग्रपणा जातो.

फेटा, म्हणजे सॅलडवर कुस्करून घालायचं ते ग्रीक चीज, त्याबद्दल तुम्ही बोलायला लागलात की मला ऐकतच राहावंसं वाटतं. खरा फेटा मेंढीच्या दुधाचा, त्यात बकरीचं दूध फार तर ३० टक्के, आणि २००२ साली युरोपियन युनियनने ते नाव फक्त ग्रीसमधल्या ठरावीक भागांत बनणाऱ्या चीजसाठी राखून ठेवलं. तो मिठाच्या पाण्यात मुरतो म्हणून खारट, त्यात ऑलिव्ह पण खारट, म्हणून बाकी मीठ सगळ्यात शेवटी, चव बघून. बाबांना मीठ कमी सांगितलंय, त्यामुळे मी फेटा थोडा वेळ साध्या पाण्यात ठेवते आणि थोडासाच कुस्करते, ही युक्ती पण तुमचीच.

शिजवलेल्या १०० ग्रॅम मसुरात साधारण ९ ग्रॅम प्रोटीन आणि ८ ग्रॅम फायबर असतं, म्हणून एक वाडगा खाल्ला की बाबांना रात्री मध्येच भूक लागत नाही. मसूर-ड्रेसिंग एकदा करून फ्रीजमध्ये ठेवलं की तीन दिवस छान राहतं, काकडी-टोमॅटो मात्र ऐन वेळी घालते नाहीतर पाणी सुटतं.

ताई, तुमच्या घरी एवढी गडबड चालू असताना तुम्ही माझा प्रत्येक मेसेज वाचून नीट उत्तर दिलंत, कुठे घाई नाही की कंटाळा नाही, आणि बाबा आता स्वतःहून विचारतात की आज ते सॅलड आहे का. खरंच खूप खूप आभार. आणि हो, हेच काबुली चण्यांचं करायचं झालं तर त्यालाही ड्रेसिंग गरम असतानाच घालायचं ना, तेवढं सांगा.

तुमची,
बाबांची लेक