कंटेनरातून होस्टपर्यंतची वाट : सुहासला पत्र

पुणे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझा मेल दोनदा वाचला. मॅकवर डॉकरमध्ये सगळं सुरळीत, आणि तीच कंपोज फाइल (कुठले कंटेनर कसे उठवायचे ते सांगणारी), तीच इमेज उबुंटूच्या सर्व्हरवर नेली की अ‍ॅप होस्टवरच्या, म्हणजे कंटेनराबाहेर खुद्द मशीनवर चालणाऱ्या, पोस्टग्रेस डेटाबेसला भेटतच नाही. गेटवेला (कंटेनरातून बाहेर पडायच्या दाराला) पिंग जातो, पोस्टग्रेसच्या ५४३२ पोर्टवर मात्र टाइमआउट. आणि व्हीपीएन लावला की पिंगही बंद. माझ्या मते या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि तू त्या एकत्र सोडवायला बघतोयस, म्हणून गुंता सुटत नाहीये. आधी पहिली घेऊ. (कमांड देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये नेहमीच्याच स्पेलिंगने टाक.)

मॅकचा अनुभव आधी डोक्यातून काढून टाक. तिथे डॉकर डेस्कटॉप एक छोटं लिनक्स व्हर्च्युअल मशीन चालवतो, कंटेनर त्याच्या पोटात असतात, आणि 'होस्ट.डॉकर.इंटरनल' या नावावर आलेली जोडणी तो स्वतः मध्यस्थी करून मॅकपर्यंत पोचवतो. त्यामुळे पोस्टग्रेस फक्त १२७.०.०.१ वर ऐकत असला तरी तिथे चालून जातं. लिनक्सवर हा मध्यस्थ नाही. कंटेनर म्हणजे स्वतःची नेटवर्क नेमस्पेस (नेटवर्कचा वेगळा कप्पा) असलेली साधी प्रोसेस. तिच्यातून व्हीइथ जोडीचं (ही एक आभासी केबलच) एक टोक 'इथ०' म्हणून दिसतं, दुसरं टोक होस्टवरच्या ब्रिजला, म्हणजे आभासी स्विचला, लागलेलं. नुसत्या 'डॉकर रन'ने उठवलेला कंटेनर 'डॉकर०' या ब्रिजवर जातो, पत्ता १७२.१७.०.१. कंपोज मात्र प्रत्येक प्रोजेक्टला नवा ब्रिज काढतो, नाव 'बीआर-' आणि पुढे नेटवर्क आयडीची पहिली १२ अक्षरं, सबनेट (पत्त्यांचा पट्टा) बहुधा १७२.१८ पासून पुढचं जे मोकळं असेल ते.

आता एररचा प्रकार नीट बघ, कारण निम्मं उत्तर तिथेच असतं. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर खूश हो: पॅकेट पोचलं, कोणीतरी उलट उत्तरही दिलं, फक्त त्या पत्त्यावर त्या पोर्टला कोणी ऐकत नाहीये. राउटिंगला हात लावायचं कारण नाही. टाइमआउट म्हणजे कोणीतरी पॅकेट गुपचूप गिळलं, किंवा उत्तर परतीच्या वाटेत हरवलं. 'नो राउट टू होस्ट' हा फसवा आहे. राउट असूनही तो येतो: एकतर त्या पत्त्याला एआरपीचं ('हा पत्ता कोणाचा?' या हाकेचं) उत्तरच मिळालं नाही, किंवा रेडहॅट घराण्यातल्या मशीनवर फायरवॉलडी या फायरवॉलने आयसीएमपी निरोप धाडून नकार कळवला. तुझ्याकडे टाइमआउट आहे आणि पिंग चालतोय. पिंग चालतोय म्हणजे जायची आणि यायची, दोन्ही वाटा शाबूत आहेत. यूएफडब्ल्यू या उबुंटूच्या फायरवॉलच्या मूळ नियमांतच पिंगला परवानगी असते, बाकी येणाऱ्या पोर्टना 'डिनाय'. तुझा संशयित हाच, पण पुराव्यानिशी पकडू.

तुझ्या इमेजमध्ये पिंग सोडून फारसं काही नसणार, आणि तिच्यात हत्यारं भरत बसू नकोस. होस्टवरूनच आत शिरता येतं. 'डॉकर इन्स्पेक्ट'मधून कंटेनरचा पीआयडी (प्रोसेस क्रमांक) काढ, आणि 'सुडो एनएसएंटर -टी पीआयडी -एन' च्या पुढे हवी ती कमांड लिही. '-एन' दिल्यावर फक्त नेटवर्क कंटेनरचं वापरलं जातं, फाइल सिस्टिम होस्टचीच राहते. म्हणून होस्टवरची सगळी साधनं मिळतात, पण नावांची फाइलही होस्टचीच वाचली जाते. तेव्हा इथे नावाऐवजी थेट आयपी टाक. आधी 'आयपी राउट': 'डीफॉल्ट व्हाया' पुढचा पत्ता तुझ्या ब्रिजचाच आहे ना, बघ. मग 'एनसी -झेडव्ही -डब्ल्यू ३' लावून ५४३२ तपास.

दुसऱ्या टर्मिनलमध्ये होस्टवर 'सुडो टीसीपीडंप -एनआय एनी टीसीपी पोर्ट ५४३२' चालू ठेव, येणारी-जाणारी पॅकेट दिसतील. 'एस' फ्लॅगचं (जोडणीच्या पहिल्या विनंतीचं) एकच पॅकेट काही सेकंदांच्या अंतराने पुन्हापुन्हा येताना दिसेल आणि उलट काहीच जाणार नाही. इथे बरेच जण फसतात. टीसीपीडंपमध्ये पॅकेट दिसलं म्हणजे फायरवॉल पार झाली असं समजतात. येणारं पॅकेट टीसीपीडंपला फायरवॉलच्या आधी दिसतं, जाणारं मात्र फायरवॉल ओलांडल्यावर. म्हणजे 'आत आलं, उत्तर नाही' याचा अर्थ होस्टनेच ते टाकलं, एवढाच. आता 'जर्नलसीटीएल -के' मध्ये बघ. साधारण अशी ओळ सापडेल: 'यूएफडब्ल्यू ब्लॉक, इन=बीआर-४एफ२…, आउट=, एसआरसी=१७२.१८.०.३, डीएसटी=१७२.१७.०.१, डीपीटी=५४३२'. या लॉगला दर मिनिटाची मर्यादा असते, तेव्हा प्रत्येक पॅकेटची नोंद मिळेलच असं नाही.

या एका ओळीवर जरा थांब. 'आउट' रिकामं आहे, म्हणजे पॅकेट होस्टसाठीच होतं, ते 'इनपुट' चेनमधून (येणाऱ्या पॅकेटच्या नियमांच्या साखळीतून) गेलं, दुसरीकडे पुढे जाणाऱ्या पॅकेटच्या 'फॉरवर्ड'मधून नाही. तू 'डॉकर-युजर' चेनमध्ये नियम घालून बघितलेस असं लिहिलंयस. ते लागू होणं शक्यच नव्हतं, ती चेन 'फॉरवर्ड'ची आहे. दुसरं, 'इन'मध्ये 'डॉकर०' नसून कंपोजचा ब्रिज आहे, आणि तरीही पोचायचा पत्ता १७२.१७.०.१ आहे. कारण 'एक्स्ट्रा_होस्ट्स'मध्ये लिहिलेलं 'होस्ट-गेटवे' (लिनक्सवर हे डॉकर २०.१० पासून आलं) डीफॉल्ट ब्रिजचाच पत्ता देतं, कंटेनर कुठल्याही नेटवर्कवर असो. तो पत्ता होस्टचा स्वतःचा असल्यामुळे लिनक्स तो कुठल्याही दारातून स्वीकारतो, 'डॉकर०' डाउन दिसत असला तरी. म्हणून 'अलाउ इन ऑन डॉकर०' हा तुझा नियम दिसायला बरोबर, पण एकही पॅकेट त्याला लागत नाही. 'सुडो आयपीटेबल्स -एनव्हीएल' करून त्या नियमासमोरचा काउंटर बघ, शून्य असेल. नियम वाचून तर्क करण्यापेक्षा काउंटर बघणं केव्हाही चांगलं.

उपाय लिहायच्या आधी सबनेट पक्कं कर. कंपोजचं नेटवर्क पाडून पुन्हा उभं केलं की ब्रिजचं नाव बदलतं, सबनेटही बदलू शकतं, आणि आज लिहिलेला नियम पुढच्या डिप्लॉयला निकामी होतो. कंपोज फाइलमध्ये 'नेटवर्क्स'खाली 'डीफॉल्ट', त्याखाली 'आयपीएएम', 'कॉन्फिग', 'सबनेट' असं उतरत जाऊन १०.२०१.५.०/२४ दे. मग 'यूएफडब्ल्यू अलाउ फ्रॉम १०.२०१.५.०/२४ टू एनी पोर्ट ५४३२ प्रोटो टीसीपी'. इंटरफेसच्या नावावरच नियम हवा असेल तर ब्रिजला ठरावीक नाव देण्याचा ड्रायव्हर ऑप्शन आहे. नाव १५ अक्षरांच्या आत ठेव, लिनक्सची मर्यादाच तेवढी आहे. मी स्वतः सबनेटवरचा नियम पसंत करतो, वाचणाऱ्याला लगेच कळतो.

फायरवॉल उघडल्यावर बहुधा 'रिफ्यूज्ड' येईल. ही प्रगतीच आहे. 'एसएस -एलटीएनपी' मध्ये पोस्टग्रेस १२७.०.०.१:५४३२ वर बसलेला दिसेल. 'लिसन_अ‍ॅड्रेसेस'मध्ये लोकलहोस्टसोबत १७२.१७.०.१ घाल आणि सर्व्हिस रीस्टार्ट कर, या सेटिंगला रीलोड पुरत नाही. यात एक गोम आहे: मशीन बूट होताना पोस्टग्रेस डॉकरच्या आधी उठला तर 'डॉकर०' अजून जन्मालाच आलेला नसतो आणि तो पत्ता बाइंड होत नाही. सोमवारी सर्व्हर रीबूट झाला आणि अ‍ॅप मेलं, अशा तक्रारींमागे बरेचदा हेच निघतं. सिस्टिमडीच्या ड्रॉप-इन फाइलमध्ये 'आफ्टर=डॉकर.सर्व्हिस' लिही, म्हणजे क्रम पक्का होईल. नाहीतर सगळ्या पत्त्यांवर ऐकू दे आणि भिस्त यूएफडब्ल्यूवर ठेव. सार्वजनिक आयपी असलेल्या मशीनवर मला हे आवडत नाही.

त्यानंतर शेवटचा अडथळा 'पीजी_एचबीए' फाइलचा, कोणाला कुठून आत घ्यायचं हे पोस्टग्रेस तिच्यात बघतो. कंटेनरातून होस्टकडे येताना मास्करेड (पाठवणाऱ्याच्या पत्त्याऐवजी होस्टचा पत्ता लावणं) होत नाही, ते फक्त मशीनबाहेर पडणाऱ्या पॅकेटला लागतं. म्हणून पोस्टग्रेसला कंटेनरचा खरा पत्ता दिसतो, होस्टचा नाही. तिथेही त्याच सबनेटची 'होस्ट' ओळ घाल, पद्धत 'स्क्रॅम-शा-२५६'. या फाइलला मात्र रीलोड पुरतो.

आता व्हीपीएन. हे मात्र अस्सल राउटिंगचं दुखणं. डॉकर स्वतःहून १७२.१७ ते १७२.३१ मधले /१६ तुकडे वाटतो, ते संपले की १९२.१६८ मधले /२० (स्लॅशपुढचा आकडा मोठा तितका तुकडा बारका, आणि दोन राउट जुळले तर बारका जिंकतो). नेटवर्क बनवताना तो होस्टवरचे राउट तपासतो, पण व्हीपीएन नंतर उठला तर ती तपासणी काय कामाची? टक्कर दोन्ही बाजूंनी होते. व्हीपीएनने १७२.१८.०.०/२४ असा बारका राउट ढकलला तर तो डॉकरच्या /१६ पेक्षा नेमका ठरतो, कंटेनरला जाणारं उत्तर टनेलमध्ये शिरतं आणि तिकडेच संपतं. पॅकेट येताना दिसतं, उत्तर भलत्याच दारातून जातं. उलट व्हीपीएनने अख्खं १७२.१६.०.०/१२ ढकललं तर डॉकरचा /१६ जिंकतो. कंटेनर चालतात, पण ऑफिसचा त्या पट्ट्यातला सर्व्हर गायब होतो, आणि लोक व्हीपीएनवाल्यांना फोन करत बसतात.

खात्री करायची तर 'आयपी राउट'ची लांबलचक यादी डोळ्यांनी चाळू नकोस. कर्नललाच विचार: 'आयपी राउट गेट १७२.१८.०.३', व्हीपीएन बंद असताना एकदा आणि चालू असताना एकदा. 'डेव्ह' पुढचं नाव ब्रिजवरून 'टन०' (व्हीपीएनचं दार) झालं की चोर सापडला. ही कमांड 'आयपी रूल'मधले वेगळे टेबलही विचारात घेते, नुसती यादी फक्त मुख्य टेबल दाखवते. परतीची वाट अशी दुसऱ्या दाराने असली की कडक 'आरपी_फिल्टर' (परतीची वाट तपासणारी कर्नलची चाळणी) आलेलं पॅकेट आतच घेत नाही, आणि लॉगमध्ये काही लिहितही नाही. 'एनस्टॅट -एझेड'मधला 'आयपी रिव्हर्स पाथ फिल्टर'चा आकडा वाढतोय का बघ, किंवा 'लॉग_मार्शियन्स' थोडा वेळ १ करून कर्नल लॉग वाच. फिल्टर बंद करून प्रश्न सुटल्यासारखा वाटेल. तसं करू नकोस, टक्कर तशीच राहते.

खरा इलाज पत्ते हलवण्याचा. डॉकरच्या सेटिंगच्या 'डीमन.जेसन' फाइलमध्ये 'डीफॉल्ट-अ‍ॅड्रेस-पूल्स' खाली बेस १०.२०१.०.०/१६, साइझ २४. त्यातून २५६ नेटवर्क निघतात. 'डॉकर०' साठी 'बीआयपी' (त्या ब्रिजचा पत्ता) वेगळा द्यावा, उदाहरणार्थ १०.२०२.०.१/२४. आधी ऑफिसच्या नेटवर्कवाल्यांना विचारून हा पट्टा खरंच मोकळा आहे ना, बघ. डीमन रीस्टार्ट झाला की चालू कंटेनर थांबतात, तेव्हा वेळ साधून कर. जुनी नेटवर्क आपोआप हलत नाहीत, प्रत्येक प्रोजेक्ट 'कंपोज डाउन' करून पुन्हा 'अप' करावा लागेल. आणि 'बीआयपी' बदललास की 'होस्ट-गेटवे'चा पत्ताही बदलला, म्हणजे 'लिसन_अ‍ॅड्रेसेस'मधला १७२.१७.०.१ सुद्धा बदलायला हवा. म्हणून व्हीपीएनचं काम आधी उरक, पोस्टग्रेसचं नंतर.

टक्कर मिटल्यावरही व्हीपीएनपलीकडचं काही 'पिंग होतं पण एचटीटीपीएस लटकतं' असं झालं तर एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी, बाइटमध्ये) बघ. वायरगार्डचा बहुधा १४२०, ब्रिजचा १५००. 'पिंग -एम डू -एस १३९२' जातो आणि १३९३ अडकतो, म्हणजे तेच (२८ बाइट हेडरचे). नेटवर्कच्या ड्रायव्हर ऑप्शनमध्ये एमटीयू १४२० दे.

तू 'नेटवर्क_मोड: होस्ट'बद्दल विचारलंयस. चालेल, सगळे प्रश्न एका फटक्यात जातील. पण 'पोर्ट्स'ची ओळ निरर्थक होईल, बाकीच्या सर्व्हिसना त्यांच्या नावाने हाक मारता येणार नाही, आणि अ‍ॅपचा प्रत्येक पोर्ट थेट होस्टवर उघडेल. एकट्या मॉनिटरिंग एजंटला ठीक, तुझ्या अ‍ॅपला नको. पोस्टग्रेसच कंटेनरात हलवायचं ठरवलंस तर पोर्ट '५४३२:५४३२' असा उघडू नकोस. डॉकरची पत्तापालट 'इनपुट' चेनच्या आधीच होते आणि पॅकेट 'फॉरवर्ड'ने जातं, त्यामुळे यूएफडब्ल्यू 'डिनाय' म्हणत असतानाही डेटाबेस जगाला खुला होतो. '१२७.०.०.१:५४३२:५४३२' लिही, किंवा पोर्ट उघडूच नकोस. अ‍ॅप त्याच नेटवर्कवर असेल तर गरजच नाही.

आणि काहीही झालं तरी 'आयपीटेबल्स -एफ' (फायरवॉलचे नियम पुसणारी कमांड) मारून बघू नकोस. डॉकरचे नियमही धुऊन जातात आणि चालू कंटेनरही बाहेरच्या जगाला मुकतात. मारून झालंच असेल तर डॉकर रीस्टार्ट केल्यावर तो आपले नियम पुन्हा मांडतो.

एवढ्यावर नाहीच जमलं तर तीन गोष्टी पाठव: व्हीपीएन चालू असतानाचं 'आयपी राउट गेट', टीसीपीडंपच्या दहाएक ओळी आणि 'इनपुट' चेनचे काउंटर. सार्वजनिक आयपी तेवढे खोडून टाक.

वहिनींना नमस्कार, चिमणीला गोड पापा.

तुझा,
मंदार