मिस्त्रीमामा, बॉनेटखालच्या त्या लाल अक्षरांबद्दल

आदरणीय मिस्त्रीमामा,

सा. न. वि. वि.

आमची जुनी जीप तुम्ही चालती करून दिलीत आणि ठरल्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेतला नाहीत. आईनं पुढं केलेलं पाकीटसुद्धा "काम केलं, दाम घेतलं, आता आणि काय" म्हणून परत दिलंत आणि गाडीला किक मारून निघून गेलात. तोंडावर मला काही बोलता आलं नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. तुमची नात वाचून दाखवेलच. तिला म्हणावं, मधलं काही गाळू नको.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी आधी जीपबद्दल सांगते. १९६८ ची महिंद्राची सीजे-३बी, पेट्रोल. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या काळम्मावाडीच्या धरणाच्या कामावर ज्या जीपमधून ते फिरले, तीच पुढं खात्याच्या लिलावात निघाली तेव्हा आईच्या पाटल्या मोडून त्यांनी ती घेतली. लग्नाच्या वऱ्हाडापासून खताच्या पोत्यांपर्यंत सगळं तिनं वाहिलं. पावसाळ्यात गगनबावड्याकडच्या वाड्यांवर कुणी अडलं, की माणसं रात्री आमच्या दारात यायची आणि आप्पा अंगावर घोंगडं घेऊन निघायचे. आप्पा गेले आणि जीप शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच.

ती पुन्हा चालती करायची हे मी ठरवलं तेव्हा पहिल्यांदा तुम्ही भेटला असता तर किती बरं झालं असतं! आम्ही आधी एका मोठ्या गॅरेजकडे गेलो. त्यांचं नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही. तिथं पहिल्या दिवशीच सांगितलं, की हे इंजिन काढून टाका, डिझेल बसवू. बॉडी गंजलीय, पार हरियाणातल्या डबवालीहून नवी मागवू. रुंद टायर, क्रोमचा बंपर, आणि हवं तर मिलिटरीचा हिरवा रंग देऊन बॉनेटवर पांढरा तारा. दुसऱ्या एकानं तर बॉनेट कापून खाली घ्यायचा सल्ला दिला, म्हणजे ती महायुद्धातल्या लो बॉनेट जीपसारखी दिसेल. प्रश्न मी विचारायची आणि उत्तर ते माझ्या नवऱ्याकडे बघून द्यायचे. ह्यांनी बिचाऱ्यांनी कितीदा सांगितलं की गाडी हिची आहे, हिच्याशी बोला. आम्ही डिझेलला नाही म्हटलं आणि त्यांचा रस संपला. हेड उघडं टाकलेली जीप झाडाखाली पावसात भिजत राहिली. सिलिंडरच्या बोअरमध्ये पाणी गेलं, पिस्टन जाम झाले. घरी परत आणली तेव्हा मूळचा सोलेक्स कार्बोरेटर जागेवर नव्हता, आणि तो कुठं गेला हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं. त्या गोष्टीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि तो घालवायची मला घाईही नाही.

तुम्ही आलात ते आमच्याच शेडमध्ये. गाडी हलवायची नाही, इथंच करू, हे तुमचं पहिलं वाक्य. डिझेल आणि ऑइल मिसळून सिलिंडरमध्ये सोडलंत आणि मला कामाला लावलंत. रोज सकाळी पुढून हँडल लावायचं आणि फिरतंय का बघायचं. "जोर करायचा न्हाई ताई. नुसतं इचारायचं तिला." एके सकाळी ते हातभर फिरलं आणि मी घरात ओरडत गेले. पुढचं सगळं लिहीत बसत नाही. कोल्हापुरातल्या उद्यमनगरात, वर्कशॉपच्या वसाहतीत, झालेलं सिलिंडरचं बोअरिंग, ब्रेकची रबरं, सीटखालच्या टाकीत खडी घालून हलवून काढलेला गंज, फ्लोअरचा कुजलेला तेवढाच तुकडा कापून मारलेला पत्रा. हे काम चांगलं करणारे आणखीही लोक असतील. मला ज्याचे आभार मानायचेत ते वेगळंच आहे.

बॉनेट सोडवून पोत्यावर उलटं ठेवलं होतं. पेंटरचा पोरगा आतली बाजू पॉलिश पेपरनं घासत होता. तिथं आप्पांनी लाल ऑइलपेंटनं लिहून ठेवलेलं आहे: १-३-४-२, म्हणजे चार सिलिंडर पेटायचा क्रम. त्याखाली "गार इंजिन. इनटेक १८, एक्झॉस्ट १६". आणि त्याखाली तेल बदलल्याच्या तारखा, एकाखाली एक. मला ते लहानपणापासून माहीत होतं, पण घासायला लागल्यावर थांबा म्हणावं, हे माझ्या तोंडून निघेना. रंगकाम म्हणजे घासणं आलंच, आपल्या भावनेसाठी कुणाचं काम का अडवायचं, असं वाटत होतं.

तुम्ही चाकापाशी बसला होता. उठून आलात, त्या पोराच्या मनगटावर हात ठेवलात, आणि मला विचारलंत, "ताई, ह्ये अक्षार कुणाचं?"

आप्पांचं म्हटल्यावर तुम्ही हात पुसले, खिशातून चष्मा काढला आणि सगळं वाचलंत. तारखासुद्धा. मग म्हणालात, "मापं बरोबर हाईत." पेंटरला बोलावून न सांगता स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानात गेलात, टेप आणलीत, वर्तमानपत्राचा कागद बरोबर त्या चौकोनाएवढा फाडलात आणि कडेकडेनं अंगठ्यानं दाबत चिकटवलात. पेंटर म्हणाला, तेवढा तुकडा जुना दिसेल. त्यावर तुम्ही एवढंच बोललात, "दिसू दे की. गाडी कुणाची हाय ते दिसू दे."

मामा, तुमच्यासाठी ही दोन मिनिटांची गोष्ट होती. तुम्ही परत जाऊन चाकाचं ग्रीस भरायला लागलात. मी आत जाऊन रडले. आप्पांच्या वस्तूंना त्यांच्यामागं खूप जणांनी हात लावला. कुणी विकायला काढल्या, कुणी मागून नेल्या, कुणी "जुनंच आहे" म्हणून टाकल्या. हे कुणाचं आहे, असं हात लावायच्या आधी विचारणारे तुम्ही पहिले.

आणि तुम्ही ती अक्षरं नुसती झाकून ठेवली नाहीत, ती वापरलीत. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, लावायच्या दिवशी फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्या, माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, साहेबांनी लिहिलंय तसंच लावायचं. या हरिकेन इंजिनाची रचना मला तेव्हा कुठं नीट समजली. इनटेकचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये, म्हणून दोन्हींचं अंतर वेगळं. वरचं इंचाचे अठरा हजारांश, खालचं सोळा. आणि इंजिन असं उंच झालं म्हणूनच विलीजनं १९५३ साली हे मॉडेल काढताना बॉनेट उंच केलं. महिंद्रांनी त्याआधीच मुंबईत विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली होती, त्यांनी पुढं हेच मॉडेल इथं वर्षानुवर्षं बनवलं. म्हणजे लोक ज्या उंच नाकाला नावं ठेवतात आणि कापायला सांगतात, ते त्या इंजिनासाठीच आहे. ते कापलं असतं तर इंजिनही गेलंच असतं. इनटेकचे मी वरून लावले, बाजूची प्लेट काढून एक्झॉस्टचे तुम्ही लावलेत. दर वेळी पाती सरकवताना "जरा धरतीय का? धरली पायजे, पण अडकाय नको" हे तुमचं ऐकून माझ्या बोटांना ते आता कायमचं कळलंय.

पन्नास वर्षांवरच्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना २०२१ पासून 'व्हीए' अक्षरांची वेगळी व्हिंटेज नोंदणी मिळते. डिझेल बसवून बॉडी बदलली असती तर तो दरवाजा आम्हाला बंदच होता. तुम्हाला हा नियम माहीतही नव्हता. मी सांगितला तेव्हा "असं व्हय" म्हणून तुम्ही पाना उचललात. तशी नोंदणी केली की गाडी रोजच्या वापरात रस्त्यावर आणता येत नाही, म्हणून मी ती अजून केलेली नाही. ही जीप बाजाराला, शेताला, पाहुण्यांना आणायला जावी असं मला वाटतं. पण नियमाची आठवण न ठेवता तुम्ही जे राखलंत, तेच नियमालाही हवं होतं, हे मला फार आवडलं.

तुमच्यामुळं भेटलेल्या माणसांबद्दलही लिहायला हवं. उद्यमनगरातल्या त्या लेथवाल्या दादांनी गुळगुळीत झालेले आटे पुन्हा पाडून दिले आणि पैसे विचारले तर म्हणाले, मिस्त्रींच्या कामाचे आम्ही घेत नाही. स्पेअरच्या दुकानातल्या काकांनी स्वतःच्याच काउंटरवरची वस्तू परत आत ठेवली, "ही डुप्लिकेट हाय, वर्षात जाईल, तुम्ही थांबा" म्हणाले, आणि खरोखर पंधरवड्यानं जुना अस्सल सोलेक्स कुठूनसा मिळवून दिला. त्यांना गिऱ्हाईक सोडून द्यायचं काय कारण होतं? मी बँकेत नोकरी केली, माणसं गोड बोलून कशी फसवतात हे रोज बघितलं. त्यामुळं सरळ वागणारं कुणी दिसलं की मला ते मोठ्यानं सांगावंसं वाटतं. आपल्याकडं फसवणाऱ्यांच्या गोष्टी चवीनं सांगतात. तुमच्यासारख्यांची गोष्ट कुणी विचारल्याशिवाय निघत नाही, आणि तुम्ही स्वतः तर ती कधीच सांगणार नाही.

काढलेला प्रत्येक जुना भाग तुम्ही तेलाच्या डब्यात घालून, वर चिठ्ठी लावून परत दिलात. झिजलेल्या पिस्टन रिंगासुद्धा. तो डबा मी आप्पांच्या हत्यारांच्या पेटीत ठेवलाय.

आता कामाचं. हँडब्रेक अजून कमी धरतोय. ट्रान्स्फर केसमागच्या (चारी चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीमागच्या) ड्रमवर कुठून तरी तेल उतरतंय असं मला वाटतं. तुम्ही बघून सांगा, तोवर मी चाकाला दगड लावते. दसऱ्याला जीप घेऊन तुमच्या दारात येतोय, आधी उद्यमनगरात लेथवाल्या दादांकडं जाऊन. झेंडूची माळ तिला तुमच्या हातानं घालायची. जेवण आईनं ठरवलंय, मामींना काही करू देऊ नका. आणि रेडिएटरच्या खालच्या होजचं माप लिहून पाठवा, येताना काकांच्या दुकानातून घेऊन येते.

आपली,
ओव्हरसियर आप्पांची थोरली